आभासी जगाचे दुकान : स्वतःचे की शाखेचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. भाजणीचे प्रमाण किंवा लोणच्याचा मसाला विचारला असता तर मी डोळे मिटून सांगितले असते. पण विषय निघाला धंद्याचा, आणि तोही अशा धंद्याचा की ज्याचे नाव घेताना माझी जीभ अजून अडखळते. मी संकोच केला तेव्हा चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "अहो, आपल्यात हात पोळलेल्या तुम्ही एकट्याच आहात. मग दुसरे कोण सांगणार?" त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून उभी राहिले आहे. मी वक्ती नव्हे, तेव्हा उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

आपल्या बचत गटाकडे या वर्षी कर्जासाठी दोन अर्ज आले आहेत, हे आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. एक अर्ज पालघरच्या भगिनीचा आहे, एक बोईसरच्या. दोघींनाही व्हर्च्युअल रिॲलिटीचे, म्हणजे आभासी वास्तवाचे, करमणूक केंद्र काढायचे आहे. एकीला ते स्वतःच्या नावाने काढायचे आहे, दुसरीला एका कंपनीची फ्रँचायझी घेऊन. पुढच्या महिन्यात आपल्याला निर्णय द्यायचा आहे. हा पैसा आपणा सर्वांचा आहे. कुणी शिवणकामातून, कुणी डबे पोचवून, कुणी घरखर्चातून चिमूट चिमूट बाजूला काढून तो जमविला आहे. म्हणून माझ्या दुकानाचा जमाखर्च मी आज आपल्यापुढे उघडा ठेवणार आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगते. पोहताना लावतात तसा, पण त्याहून मोठा नि जड असा एक चष्मा डोळ्यांवर चढवितात. त्याला हेडसेट म्हणतात. आत दोन्ही डोळ्यांसमोर किंचित वेगळी अशी दोन चित्रे असतात, आणि ती मिळून मनाला खोली भासते. मान वळवली की चित्रही वळते. त्यामुळे आपण बोईसरच्या गाळ्यात उभ्या असूनही समुद्राच्या तळाशी किंवा डोंगराच्या कड्यावर आहोत असे वाटू लागते. १९८४ साली 'माय डिअर कुट्टिचातन' हा त्रिमितीचा चित्रपट आला होता. तोच हिंदीत 'छोटा चेतन' म्हणून आपण कागदी चष्मे लावून पाहिला, आणि पडद्यातून पुढे आलेली वस्तू धरायला थिएटरभर हात पुढे झाले. हे त्याच्याच पुढचे पाऊल समजा. फरक एवढाच की तेथे आपण खुर्चीत बसून पाहात होतो, येथे आपण चित्राच्या आत जातो.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलंड नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ साली डोक्यावर घालायचे असे यंत्र तयार केले होते. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. पैसे घेऊन खेळायची आभासी यंत्रे १९९१ च्या सुमारास इंग्लंडमधील एका कंपनीने आणली, पण ती महाग होती आणि चित्र ओबडधोबड, त्यामुळे ती लाट ओसरली. पुन्हा वारे फिरले ते २०१२ नंतर, आणि २०१६ पासून घरोघरी वापरता येतील असे हेडसेट बाजारात आले. याचा अर्थ भगिनींनो, हा धंदा एकदा वर जाऊन खाली आलेला आहे. नव्या वस्तूची नवलाई ही गौरीच्या फुलोऱ्यासारखी असते, फार दिवस टिकत नाही, हे आधीच मनाशी धरून चालावे.

आता माझी गोष्ट. माझी सून संगणक शिकलेली आहे. नातू लहान होता म्हणून तिने मुंबईची नोकरी सोडली. रोज पहाटेची गाडी धरून विरारपलीकडे जायचे आणि रात्री परत यायचे, हे लहान मूल पदरी घेऊन होण्यासारखे नव्हते. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि आपल्या भागाची मोठी सोय झाली खरी, पण लोकलने अंतर काही कमी होत नाही. घरी बसून तिचा जीव गुदमरत असे. एकदा आम्ही दोघी मुंबईला एका प्रदर्शनाला गेलो. तेथे तिने मला आग्रहाने तो चष्मा लावायला लावला. पाहते तो काय, मी एका उत्तुंग इमारतीच्या टोकाला, वीतभर रुंदीच्या फळीवर उभी! खाली मोटारी मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. पायांखाली सपाट सतरंजी आहे हे बुद्धीला कळत होते, पण पाय ऐकेनात. मी शेजारच्या अनोळखी बाईंचा पदर घट्ट धरला आणि "अगं, मला उतरव!" म्हणून ओरडले. सारे हसले. परतीच्या गाडीत सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही घाबरलात, पण उतरल्यावर पुन्हा एकदा बघू का म्हणून विचारलंत. हाच धंदा आहे." मला ते पटले.

पुढे एका फ्रँचायझी कंपनीचा माणूस घरी आला. त्या कंपनीचे नाव मी घेणार नाही. माणूस बोलण्यात साखर. त्याच्याजवळ रंगीत कागद होते, आणि त्यांवर अठरा महिन्यांत सारे भांडवल परत येईल असा हिशेब मांडलेला होता. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्टेशन होणार, वाढवणला बंदर होणार, तेव्हा आजच जागा अडवा, उद्या दुसरे कुणी घेईल, असे तो म्हणाला. माझ्या भिशीचे पन्नास हजार रुपये मी त्याच संध्याकाळी नोंदणीपोटी दिले. पावती घेतली, पण पावतीच्या मागची बारीक अक्षरे वाचली नाहीत. ती वाचली सूनबाईने, आठ दिवसांनी, करारनाम्याचा मसुदा आला तेव्हा. नोंदणीची रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, असे तेथे छापलेले होते. करारात आणखीही बरेच काही होते. यंत्रे त्यांच्याकडूनच, त्यांच्याच भावाने घ्यायची. विक्री होवो न होवो, ठरावीक रॉयल्टी द्यायचीच. तंटा झाला तर तो दूरच्या एका शहराच्या कोर्टात. आणि आमच्याच तालुक्यात त्यांनी दुसरे केंद्र काढले तर आम्ही हरकत घ्यायची नाही. आम्ही सही केली नाही. पन्नास हजार गेले ते गेलेच. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशापेक्षा आपण भाजी घेताना चारदा घासाघीस करतो आणि येथे डोळे मिटून पैसे मोजले, याची लाज अधिक वाटली.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगते की, आपल्या देशात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२ चा कराराचा कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा यांवरच सारे चालते. कंपनीने आपला जमाखर्च गिऱ्हाइकाला आधी दाखविलाच पाहिजे, असे बंधन घालणारा स्वतंत्र नियम नाही. तेव्हा जे काही लिहिले असेल तेच खरे, तोंडी वचन वाऱ्यावर. करार वकिलाला दाखवावा. त्या नावाचे व्यापारचिन्ह खरोखर नोंदलेले आहे का ते पाहावे. सरकारी नोंदवही संगणकावर कुणालाही पाहता येते. आणि त्या कंपनीच्या चालू केंद्रांना तर विचारावेच, पण बंद पडलेल्या एका तरी केंद्राच्या मालकाला भेटावे. सुखाच्या गोष्टी कंपनी सांगतेच, दुःखाच्या तेवढ्या आपण शोधायच्या.

पन्नास हजारांचा धडा घेऊन आम्ही २०२३ च्या मकरसंक्रांतीला बोईसरला, स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर, एक लहान गाळा भाड्याने घेतला आणि स्वतःच्या नावाने केंद्र काढले. दोन हेडसेट, बाहेरच्यांना आतले दृश्य दिसावे म्हणून एक टी. व्ही., जाड सतरंज्या, इन्व्हर्टर आणि थोडे फर्निचर मिळून एक लाख ऐंशी हजार रुपये लागले. त्यासाठी माझ्या दोन पाटल्या बँकेत ठेवल्या.

आता हिशेब ऐका. कंटाळा येईल, पण हाच भाग महत्त्वाचा आहे. एका फेरीचे आम्ही शंभर रुपये घेतो. खेळ दहा मिनिटांचा, आणि चष्मा पुसणे, चढविणे, समजावून सांगणे यांत पाच मिनिटे जातात. म्हणजे एका हेडसेटवर तासाला चार फेऱ्या. चार ते नऊ दुकान उघडे ठेवले तर एका हेडसेटच्या वीस फेऱ्या होतात. त्या रंगीत कागदावर हाच आकडा रोजचा म्हणून धरलेला होता! प्रत्यक्षात काय झाले? सोमवार ते शुक्रवार दोन्ही हेडसेट मिळून दिवसाला सरासरी नऊ फेऱ्या, शनिवारी वीस, रविवारी तीस. आठवड्याच्या पंचाण्णव. म्हणजे एका हेडसेटला दिवसाला सात फेऱ्यासुद्धा पुऱ्या नाहीत. चार आठवड्यांचा महिना धरला तर जमा अडतीस हजार.

खर्च असा : भाडे बारा हजार, मदतनीस मुलीचा पगार नऊ हजार, खेळांच्या परवान्याचे सहा हजार, वीज नि इंटरनेट चार हजार, साफसफाई नि किरकोळ दीड हजार. एकूण साडेबत्तीस हजार. शिल्लक साडेपाच हजार. आता कुणी म्हणेल, चला, नफा झाला. पण यंत्र झिजते, त्याहूनही ते जुने होते. आम्ही हेडसेट घेतले ते मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या जातीचे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्वेस्ट ३ आला, आणि पुढच्या वर्षी आमच्या जातीचे उत्पादनच थांबले. म्हणून एक लाख ऐंशी हजार तीन वर्षांत वाटून महिन्याला पाच हजार यंत्रासाठी बाजूला टाकावेच लागतात. उरले किती? पाचशे रुपये. आणि सूनबाईच्या दिवसभराच्या कष्टांचा पगार यांत कोठेही धरलेला नाही.

आता हेच दुकान फ्रँचायझीचे असते तर? समजा रॉयल्टी शेकडा दहा. रॉयल्टी नफ्यावर नसते, विक्रीवर असते, हे पदराला गाठ मारून ठेवा. अडतीस हजारांवर तीन हजार आठशे, वर अठरा टक्के जी. एस. टी. म्हणजे सुमारे चार हजार पाचशे. पाचशेच्या नफ्याच्या जागी महिन्याला चार हजारांचा तोटा! सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर आपल्याला जी. एस. टी. ची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसली की कंपनीला भरलेला तो कर वळताही करून घेता येत नाही. लहान दुकानाला हा दुहेरी मार आहे.

मग फ्रँचायझी वाईटच का? असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे आरेची दुधाची केंद्रे बायकांनी चालविलीच की. दूध शासनाचे, नाव शासनाचे, भाव ठरलेला, आपण फक्त केंद्र सांभाळायचे आणि कमिशन घ्यायचे. ते चालत असे, कारण आरेचे नाव घराघरांत ठाऊक होते आणि दूध रोज लागते. फ्रँचायझी घेताना हेच दोन प्रश्न विचारावेत. या नावाकडे पाहून पालघरचा किंवा बोईसरचा माणूस आत येईल का? आणि आला तर पुन्हा येईल का? नाव जर आपल्या नाक्यावर कुणी ऐकलेलेच नसेल, तर ते नाव ओळखीचे करण्याचा खर्च आपण करायचा आणि वर त्याचेच भाडेही आपणच भरायचे, असे होते. कंपनी शिकवण देते, तयार खेळ देते, यंत्र बिघडले तर बदलून देते, हे फायदे खरे आहेत. ज्या घरात संगणक जाणणारे कुणी नाही, त्या घराला ते मोलाचेही ठरतील. पण त्यांची किंमत मोजून पाहावी.

शिवाय मोठे नाव म्हणजे अढळपद नव्हे. अमेरिकेत 'द व्हॉइड' या नावाची आभासी करमणुकीची केंद्रे फार गाजली होती, सिनेमातल्या नामांकित कथा त्यांच्याकडे होत्या. २०२० साली कोरोनाच्या काळात ती सारी बंद झाली. त्याच वर्षी 'सँडबॉक्स व्ही. आर.' या दुसऱ्या नामांकित कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती मात्र पुढे सावरली. आपल्या मुंबईत लोअर परळला २०१२ साली 'स्मॅश' सुरू झाले, आभासी खेळ त्यांनीही आणले, इतर शहरांत केंद्रे काढली. २०२२ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. मोठी झाडे पडतात तेव्हा त्यांच्या आधाराने चढलेल्या वेलीही खाली येतात, एवढे ध्यानात ठेवावे.

स्वतंत्र धंद्याचेही काटे सांगते. आपण घरी खेळण्यासाठी खेळ विकत घेतो, तो परवाना घरापुरता असतो. पैसे घेऊन लोकांना खेळवायचा तर व्यवसायाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. तो खेळ करणाऱ्यांकडून किंवा मधल्या संस्थेमार्फत महिन्याच्या किंवा मिनिटांच्या दराने मिळतो. पुष्कळ ठिकाणी हा खर्च चुकवितात. आपण चुकवू नये. ती चोरीच आहे. दुकान-नोंदणीच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे थोडी माणसे कामाला असतील तर नुसती सूचना द्यावी लागते. पण करमणुकीचे ठिकाण म्हणून जे परवाने लागतात, त्यांची चौकशी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत आणि कोळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, भाडेकरार करण्यापूर्वी करावी. आधी गाळा आणि मग परवाना हा क्रम उलटा आहे.

भगिनींनो, आता जे सांगते ते ऐकायला अप्रिय आहे, पण मंडळाने पैसे द्यायचे की नाही हे माझ्या मते यावरच ठरावे. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथे एका खेळकेंद्राला आग लागली. शनिवार होता, मुलांना सुट्टी होती, तिकीट स्वस्त केले होते, म्हणून गर्दी होती. पंचविसांहून अधिक माणसे गेली, त्यांत लेकरे होती. अग्निशमन खात्याचा दाखला नव्हता, आत जोडकाम चालू होते, इंधनाचा साठा जवळ होता, बाहेर पडायला वाट अपुरी होती. राजकोट काही परक्या मुलखात नाही, आणि आपल्याला आगीची ओळख नाही असेही नाही. ११ जानेवारी २०२० ची ती संध्याकाळ, तारापूरच्या कारखान्यातला तो स्फोट, आपणांपैकी कितीजणींच्या खिडक्या तेव्हा हादरल्या! २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा रात्री मुले उचलून अंगणात धावलेल्या आया आपल्या नात्यागोत्यात आहेत. आपल्याला निदान पळायला दिसत होते. आभासी चष्मा लावलेल्या मुलाला तेही दिसत नाही. त्याचे डोळे नि कान आपण बांधलेले असतात, त्याचा जीव शब्दशः आपल्या हाती असतो. म्हणून एका दाराच्या गाळ्यात, माळ्यावर किंवा तळघरात असे केंद्र काढण्यास मंडळाने एक पैही देऊ नये. आम्हांला स्वस्त गाळा मिळत होता तो अशाच माळ्यावरचा होता. सूनबाईने तो नाकारला, तेव्हा मी कुरकुर केली होती. राजकोटची बातमी आली त्या दिवशी मी तिचे पाय धरावे की काय, असे मला झाले.

आरोग्याच्याही काही गोष्टी आहेत. डोळ्यांना आपण धावतो आहोत असे दिसते आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो की आपण उभे आहोत. या भांडणामुळे काहींना मळमळते, घाटात बस लागते तसे. अशांना बसून पाहायचे सौम्य दृश्य द्यावे आणि तक्रार करताच चष्मा काढावा. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांना आम्ही खेळू देत नाही. मूळ कंपनीने वयाची मर्यादा पूर्वी तेरा ठेवली होती, २०२३ साली आईवडिलांच्या देखरेखीखाली दहा केली. आम्ही दहाच्या खाली कितीही रडले तरी मूल घेत नाही. त्यापायी गिऱ्हाइके रागावून गेली आहेत, जाऊ देत. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली, तेव्हा आम्ही तीन आठवडे दुकान बंद ठेवले. एकाच चष्म्याने गावभर साथ पसरविणे म्हणजे पाप. एरवीही प्रत्येक फेरीनंतर चष्मा पुसतो आणि कपाळाला लागणारी पट्टी बदलतो.

मग एवढे सारे करून पाचशे रुपयेच का? तसे राहिले असते तर आज मी आपल्यापुढे उभी नसते. पहिल्या वर्षी सूनबाईने पगार घेतला नाही. दुसऱ्या वर्षी तिने ओळखले की, गाळ्यात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहण्यापेक्षा आपणच त्याच्याकडे जावे. ती शाळांत गेली. पेटीत दोन हेडसेट, एक सतरंजी, झाले दुकान. मुले ग्रहमाला पाहतात, हृदय आतून पाहतात. वाढदिवसांची कामे आली. महालक्ष्मीच्या यात्रेत दोन संध्याकाळ मांडव टाकला. धूळ नि उकाडा यांनी पुरते रडविले, आणि उन्हाचा कवडसा भिंगात शिरला तर आतला पडदा जळतो, हेही तेव्हाच शिकलो. आता या बाहेरच्या कामांतून महिन्याला बारा हजारांच्या आसपास भर पडते. एक पाटली सोडविली आहे, दुसरी अजून बँकेतच आहे. खोटे सांगणार नाही.

एक लहानशी आठवण सांगते. सातपाटीच्या एक वयस्क मासेवाल्या बाई आमच्याकडे पाटी टेकवून पाणी प्यायला बसल्या होत्या. सूनबाईने त्यांना समुद्राचा तळ दाखविला. बाई गप्प झाल्या. चष्मा काढल्यावर म्हणाल्या, "माझं सारं आयुष्य या समुद्रावर गेलं, पण खाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मासे आहेत आणि वास नाही, हा कसला गो समुद्र?" आम्ही तिघीही हसलो. त्यांचे पैसे घेतले नाहीत. जाताना त्यांनीच दोन बोंबील ठेवले. कोणत्याही कंपनीच्या कागदावर हे गिऱ्हाईक धरलेले नव्हते. स्वतंत्र दुकानाचे बळ असेल तर ते यातच आहे की, आपण आपल्या माणसांचे जग त्यात आणू शकतो. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतलेला तारापूरचा किल्ला, वारली घराच्या भिंतीवरचा लग्नाचा चौक, केळव्याचा किनारा, हे सारे सर्व बाजूंनी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेता येते. ज्यांचे पाय थकले आहेत त्यांना दाखविता येते. सूनबाईने तसे करण्यास आरंभ केला आहे.

शेवटी मंडळासमोर एक विचार ठेवते. स्वतःचे की शाखेचे, याखेरीज तिसरीही वाट आहे, आणि ती बायकांनीच पाडलेली आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. तेच आजचे लिज्जत. त्यांनी शाखा काढल्या, पण नाव विकून नव्हे. लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण, असे ठरवून. तेही पहिल्या झटक्यात साधले नाही. १९६१ साली मालाडला केलेला प्रयत्न फसला, आणि राज्याबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघायला १९६८ साल उजाडले. मग आपल्या या दोघी भगिनींनी एकमेकींच्या स्पर्धेत दोन गाळे का घ्यावेत? दोघींनी मिळून एक फिरती पेटी करावी. परवाना एक, यंत्रे चार, शाळा नि सोसायट्या वाटून घ्याव्यात. गाळा घ्यायचाच तर तो वर्षभराच्या अनुभवानंतर, आणि भाडे आजच्या गर्दीवर ठरवून. उद्याच्या बुलेट ट्रेनवर नव्हे. अधिक भांडवल लागले तर मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतचे शिशु कर्ज किंवा त्यावरचे किशोर कर्ज बँकेत विचारावे. फ्रँचायझी घ्यायचीच असेल, तर करार मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा, आणि बाहेर पडण्याच्या दोन वाटा स्वतः मोजून याव्यात. कराराच्याही, आणि गाळ्याच्याही.

पन्नास हजार घालवून मी हे शिकले. आपण ते फुकट शिकलात तर माझी भिशी वाया गेली, असे मी म्हणणार नाही. सभेनंतर सूनबाई मागच्या खोलीत हेडसेट घेऊन बसली आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर पाहावे. आज पैसे नाहीत. फक्त फळीवरचा खेळ मागू नका. शेजारणीच्या पदराची काळजी वाटते.